हद्दीची बरची

शके एकोणीसशे शेहेचाळीसच्या वैशाखात, इंग्रजी गणनेने सन दोन हजार चोवीसच्या मे अखेरीस, बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईहून केजकडे जाणाऱ्या सडकेपासून थोड्या आत वसलेल्या कंपूवस्ती या खेड्याचा तलाव, वस्तीतील हयात माणसांच्या स्मरणात प्रथमच, तळापर्यंत आटला. आणि त्या तळातून लोखंड वर आले.

निजामाच्या अमदानीत, गोऱ्या अंमलदारांच्या हाताखालचे एक घोडदळ या माळावर मुक्कामाला असे. छावणीला लोक कंपू म्हणत. पुढे घोडदळ गेले, अंमलदार गेले, तंबूंच्या जागी बाभळी उगवल्या. घोड्यांना नाल मारणारे नालबंद मात्र राहिले. त्यांच्यातील बहुतेक आता ट्रकांच्या स्प्रिंगांचे पाटे ठोकत किंवा तालुक्याच्या ठिकाणी फळांचे गाडे लावत. दस्तगीर नालबंदाच्या घराने तेवढा मूळचा धंदा सोडला नव्हता. फक्त घोड्यांच्या नालांऐवजी तो ऊसतोडीच्या बैलांच्या खुरांना पत्र्या मारीत असे.

तळातून वर आलेले लोखंड म्हणजे बरच्या. हातभर लांबीचे ते फेकायचे भाले चिखलात रुतून बसले होते. पुष्कळशा बरच्या गंजाने इतक्या पोखरल्या होत्या की बोट लागताच पापुद्रे सुटावेत. साऱ्यांची टोके तलावाच्या पलीकडच्या भागातील डोहाकडे रुतलेली होती आणि साऱ्यांच्या माना वस्तीकडे झुकलेल्या होत्या.

दरसाल दसरा उलटला, की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्यापूर्वी, नालबंदांच्या थोरल्या घरातील पुरुष काहिलीत बसून तलावात जाई. काहील म्हणजे गूळ रटरटवण्याची पसरट कढई. नावा नसलेल्या या मुलखात तीच नाव. तलावाच्या मध्याला एक दगडी खांब होता. तेथे पोचल्यावर तो पुरुष काहिलीत उभा राही, स्वतः घडवलेली बरची डोहाच्या दिशेने फेकी आणि मोठ्याने म्हणे, "सायब, हितवर तू. हितनं आमी."

साहेब म्हणजे त्या घोडदळाचा गोरा अंमलदार, ज्याचे थडगे बांधावर आहे तो. मेल्यानंतर तो थडग्यात राहिला नाही, डोहात उतरला, अशी समजूत होती. त्याला दरसाल हद्द दाखवली नाही तर तो पाण्याची पायरी ओलांडून घराघरांत शिरेल, हे लहान मुलालाही ठाऊक होते. हा रिवाज कोणी घातला याविषयी वस्तीत दोन मते नव्हती, कारण एकही मत नव्हते. हिंदू घरांचे आणि मुसलमान घरांचे देव वेगळे असले, तरी साहेबाचे भय सामाईक होते.

गेल्या वर्षी दस्तगीरचा उजवा खांदा वर उठेना. आयुष्यभर घण मारून तो निकामी झाला होता. म्हणून थोरला मुलगा कामरान काहिलीत बसला. त्याने बरची साध्या लोखंडाची घडवली नव्हती. ट्रकच्या पाट्याचे पोलाद तापवून ओढली होती. बांधावरच्या लोकांनी त्याचे शब्द ऐकले, हात वर गेलेला पाहिला आणि पुढच्याच क्षणी काहिलीचे काळे बूड पाहिले. बरची कोठे पडली हे कोणीही पाहिले नव्हते. पण सायंकाळपर्यंत ती तोकडी पडल्याचे साऱ्यांनी पाहिलेले होते.

कामरानला बाहेर काढले ते डोहाच्या बाजूने.

त्यानंतर वस्तीने दस्तगीरला शब्दाने दुखावले नाही. मयतीला सगळे आले, तिसऱ्या दिवशीच्या फातिह्यालाही आले. मात्र टोळ्या निघण्याची वेळ झाली तेव्हा बैलवाल्यांनी पत्र्या मारून घेण्यासाठी नांदूरघाट गाठले. हिवाळ्यात बोअर आटू लागले, छबुबाईची गाभण म्हैस मेली, होळीच्या आधीच टँकर सुरू झाला, आणि या प्रत्येक गोष्टीनंतर लोक दस्तगीरच्या दाराकडे एकदा पाहून मग आपापल्या कामाला लागत.

दस्तगीरचे घर तलावाला अगदी लागून होते. त्याच्या भिंतीला आतून गुडघाभर ओल होती. तलाव भरलेला असताना त्यात नवल नव्हते. पण पाणी हटत गेले तशी ओल हटली नाही. चैत्रात ती मांडीपर्यंत आली. त्याची बायको जैनबबी रोज सकाळी फडक्याने ती भिंत पुसून घेई आणि फडके अंगणात पिळी. पिळलेल्या पाण्याला तलावातल्या शेवाळाचा वास येई.

आणि टळटळीत दुपारी, बहुतेक माणसे आडोशाला निजलेली असताना, त्या कोरड्याठाक तलावातून आवाज येई. काहीतरी जड पाण्यात पडल्यासारखा, डुबुक् असा, एकच. तो आपण ऐकला असे कोणी कबूल करीत नसे. पण त्या क्षणी चुलीपाशी पोळी लाटणारी बाई हात थांबवी आणि दाढी करणारा पुरुष वस्तरा गालापासून दूर धरी.

धुळाजी दस्तगीरकडे आला तो अशाच एका दुपारी. वस्तीतील सर्वांत वडीलधारा माणूस, उभा जन्म ऊसतोडीत गेलेला. त्याच्या शब्दाखाली सारी वस्ती होती. त्याने खांद्यावरची लोखंडी पहार भट्टीपाशी टाकली.

"हे घे. मिरगाच्या आत बरची घडवून ठेव."

"कुणासाठी, आबा?"

"कुणासाठी म्हंजे? जावेद हाय की परळीला. त्याला बोलावून घे. थोरल्याची तोकडी पडली, धाकल्यानं पुरती करावी. ह्यात वाकडं काय बोललो मी?"

जावेद हा दस्तगीरचा उरलेला मुलगा; परळीच्या गॅरेजात ट्रकांची इंजिने उघडीत असे. भाऊ गेल्यापासून तो वस्तीवर रात्रीचा राहिला नव्हता.

"तोकडी पडली हे कुणी बघितलं?" दस्तगीरने विचारले.

"बघायला कशाला पायजे? बोअर आटले, म्हैस गेली, तळं फाटलं. पुरती पडली असती तर असं झालं असतं व्हय?"

"दुष्काळ साऱ्या जिल्ह्यात हाय. चकलांब्याला बी टँकर चालू हायेत. तिथं काय माझ्या पोरानं बरची फेकलीती?"

धुळाजीला हसू आले. ते त्याने मिशीत दाबले. "तोंड लई चालतंय तुझं. खांदा तेवढा चालला असता तर ही पाळी आली नसती."

हा टोला वर्मी बसला. दस्तगीरने पहार पायाने भट्टीपासून दूर सारली. मग म्हणाला, "आबा, समजा पुरती पडली असंल, तर?"

"तर तुझ्या घरावर बोल न्हाई. मी सोता चार माणसांत सांगीन."

दस्तगीरने मनाशी हिशेब मांडला तो सरळ होता. कामरानची फेक तोकडी ठरली, तर ती पुरी करण्याचे ओझे जावेदच्या मानेवर. पुरती ठरली, तर मेलेल्याचे नाव निर्मळ आणि जिता मोकळा. आजवर याचा पुरावा पाण्याखाली होता. आता पाणी नव्हते. पाट्याच्या पोलादाची बरची गंजलेल्या लोखंडाच्या रानात आंधळ्यालाही ओळखू आली असती.

दुसऱ्या दिवशी धुळाजीला घेऊन तळात उतरण्याचे ठरले, आणि त्याच सकाळी उत्तरेश्वर सर येऊन थडकले.

उत्तरेश्वर सर हे अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले इतिहासाचे प्राध्यापक. त्यांना वादात हरलेले कोणी पाहिले नव्हते, कारण समोरचा आधीच उठून जाई. साहेबाच्या थडग्यावर नाव झिजून गेले होते. उरले होते फक्त त्याच्या जन्मगावाचे नाव, कॉर्क. त्या एका शब्दावर सरांनी कित्येक उन्हाळे काढले होते. बरच्या उघड्या पडल्याचे कळताच ते छत्री घेऊन एस.टी.ने निघाले.

"दस्तगीरभाई, तुमचा साहेब सापडला!" बाजेवर बसता बसता ते म्हणाले. "कॉर्क हे आयर्लंडमधले बंदर आहे. माझी पुतणी दिपाली तिथल्या इस्पितळात नर्स आहे. तिने हे पाठवले. बघा."

त्यांनी फोन पुढे केला. पडद्यावर भर समुद्रातले जहाज होते आणि त्याच्या टोकाशी लांब झगा आणि गळ्यात सोन्याची जाडजूड साखळी घातलेला एक माणूस उभा होता. त्याच्या हातात बरची होती. ती तो पाण्यात फेकीत होता.

जैनबबी चहा घेऊन आली होती. ती कपबशी हातात तशीच धरून उभी राहिली.

"हा त्या शहराचा महापौर," सर सांगू लागले. "बंदराच्या तोंडाशी जाऊन तो बाण समुद्रात फेकतो. म्हणजे काय? की इथवरचे पाणी आमच्या शहराच्या अमलाखाली. शेकडो वर्षांचा प्रघात आहे. तुमचा साहेब लहानपणी हे काठावरून पाहत असणार. इथे आला, समुद्र नाही, जहाज नाही. निदान तलाव तरी होता. म्हणून त्याने आपल्या नालबंदांकडून बरची घडवून घेतली आणि फेकली. तो म्हणत होता, इथवर माझे. तुम्ही त्याच्यामागे तेच करत राहिलात आणि म्हणू लागलात, इथवर तुझे! प्रघात तोच, अर्थ उलटा. भूत नाही, भय नाही. नगरपालिकेचा विधी आहे हा."

दस्तगीरने चित्राकडे पुन्हा निरखून पाहिले. "ह्यांच्यातलं कुणी बुडलं का कधी, सर?"

"छे! केवढे जहाज आहे. कठडे आहेत, खलाशी आहेत."

"आमाला काहील," दस्तगीर म्हणाला.

सरांनी फोन खिशात ठेवला. परंतु गप्प राहणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. दिपालीने कळवलेले ते पुढे सांगत राहिले. त्या शहराचा मुख्य रस्ता वाकडा आहे, कारण तो मुळात रस्ता नव्हेच, नदीचा फाटा आहे. पूर्वजांनी त्यावर कमानी घालून फरशी केली आणि पाणी खाली वाहतेच आहे. काही जुन्या घरांची दारे अजून उंचावर आहेत, कारण त्यांच्या पायऱ्यांशी एकेकाळी होड्या बांधत. बाजारात निघालेल्या माणसाला पत्ता नसतो की आपण गाडलेल्या पाण्यावरून चाललो आहोत.

"म्हंजे तिकडंबी पाणी घराखाली हाय," जैनबबी म्हणाली. तिने कप खाली ठेवला आणि ओल्या भिंतीवरून हलकेच हात फिरवला. सरांनी प्रथमच त्या भिंतीकडे पाहिले. मग त्यांनी आपली बाज थोडी अलीकडे ओढून घेतली.

ऊन माथ्यावर आले तेव्हा ते तिघे तळात उतरले: पुढे दस्तगीर, त्याच्यामागे काठी टेकीत धुळाजी, शेवटी छत्री उघडलेले सर. बांधावर वस्तीतली माणसे उन्हातच जमली होती. बायका त्या तलावात कधी उतरत नसत. जैनबबी थडग्यापाशी बसून राहिली.

पाण्याने झाकलेली जागा उघडी पडली की परकी दिसते. दस्तगीरने ज्या तलावात डुंबून जन्म काढला, त्याच्या तळाशी आपण पाहुणे आहोत असे त्याला वाटत होते. दगडी खांब त्याला पाण्यावर कमरेएवढा ठाऊक होता. तो आता दोन पुरुष उंच होता. त्याच्यापुढे बरच्यांचे रान सुरू झाले.

प्रत्येक नालबंद आपल्या बरचीच्या मानेवर स्वतःचा ठसा मारी. दस्तगीरचा ठसा चंद्रकोरीचा होता. तो त्याला फार लवकर सापडला, फारच लवकर. खांबापासून जेमतेम काही पावलांवर त्याच्या बरच्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, आणि जी जितकी नवी तितकी ती खांबाला जवळ होती. त्याच्या बापाच्या त्यांच्या पलीकडे होत्या, आजाच्या त्याहून पलीकडे.

"ह्या तर तुझ्या," धुळाजी काठीने दाखवत म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. नुसता अचंबा होता. "बांधावरनं आमाला लई लांब पडल्यासारखं दिसायचं, बे."

दस्तगीरने चंद्रकोरीवरून बोट फिरवले. वर्षानुवर्षे बांधावर उतरताना लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. तोकड्या फेकीचा साहेबाला राग असता, तर त्याने न्यायचे ते कोणाला, हा प्रश्न घेऊनच तो पुढे चालत राहिला.

बापाच्या बरच्या मागे पडल्या, आजाच्या पडल्या. ज्यांचे ठसे गंजाने पुसले होते अशाही मागे पडल्या. जमीन डोहाकडे उतरू लागली. तेथे चिखल अजून ओला होता. आणि त्या ओल्या काठावर, सर्वांच्या पलीकडे, एकटी, निळसर काळी, कंबरेत किंचितही न वाकता, कामरानची बरची उभी होती.

दस्तगीर तिच्यापाशी उकिडवा बसला. मानेवर मुलाचा ठसा होता. बापाचीच चंद्रकोर, तिच्या पोटात एक ठिपका. एवढ्या लांब फेकायचे तर माणसाला टाचा उचलाव्या लागतात, सारे अंग हातामागे झोकावे लागते. बुडाला कणा नसलेल्या काहिलीत कोणी असे झोकून देत नाही. कामरानने दिले होते. बापाचा हात गळाला अशी कुजबूज त्याने ऐकली असावी. त्याला ती खोटी पाडायची होती.

तेवढ्यात तो आवाज आला. डुबुक्.

तो त्यांच्या समोरून आला, डोहातून, जेथे पाण्याचा टिपूसही नव्हता, केवळ काळसर चिखलाची वाटी होती. तिघांनीही तो ऐकला, आणि प्रथमच तिघांनीही एकमेकांकडे पाहिले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाद घालण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. तोच चिखलाच्या वाटीवर मधोमध एक तरंग उठला आणि सावकाश काठापर्यंत येऊन बरचीच्या पायाशी विरला.

दस्तगीर त्या बाजूला पाठ करून उभा राहिला. हद्दीच्या पलीकडून वस्तीकडे पाहण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. येथून त्याला बरच्यांच्या झुकलेल्या माना दिसत नव्हत्या. दिसत होता तो चिखलात रुतलेल्या टोकांचा रोख, पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागेवर धरलेला. ज्या जागी तो उभा होता तेथे कोणी परदेशी माणूस एकटा उभा असेल, तर आपल्याला इतक्या जणांनी का टोचले, हेच तो विचारीत राहिला असेल. दस्तगीरला त्याचे भय वाटले नाही. त्याला वाटले, कामरानला शेवटी दिसले ते हेच. आपले घर, बांध, आणि मध्ये हे सगळे लोखंड.

"पुरती हाय," धुळाजी म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. "पुरतीच न्हाई, आजवर कुणाची एवढी पडली न्हाई. पोरगं खरं होतं. मी चुकलो, दस्तगीर. आत्ता ह्या घडीला सांगतो," आणि बांधाकडे वळून तो ओरडला, "कामरानची फेक पुरती हाय! सगळ्यांच्या पुढं हाय!"

बांधावर एकच गलबला उठला. दस्तगीरचे डोळे भरून आले. इतके महिने ज्या शब्दांसाठी तो जगला, ते शब्द उन्हात उभे राहून साऱ्या वस्तीने ऐकले होते.

"आता घोर मिटला," धुळाजी टोपी घालत म्हणाला. "एवढा हात ज्या घराण्यात हाय, त्या घराण्याशिवाय दुसऱ्या कुणाला काहिलीत बसवायचं? दसऱ्याला जावेद फेकंल. भावाच्या जागंवर. मानानं."

दस्तगीर त्याच्याकडे वळला. "आबा, तुमी म्हनला होता, घरावर बोल न्हाई राहणार."

"बोल न्हाईच. आता मान हाय."

"अगदी योग्य," सरांना आता वाचा फुटली होती. "दस्तगीरभाई, हे थांबता कामा नये. कॉर्कबाहेर असा प्रघात आणखी कोठे असेल असे मला वाटत नाही. मी लिहितो, पुरातत्त्ववाल्यांना बोलावतो. तिकडच्या महापौरांना दिपालीमार्फत कळवतो. जावेदला आपण तरंगणारे जाकीट घालू. हा ठेवा आहे, ठेवा!"

आतापर्यंत दस्तगीरच्या धाकट्या मुलाला एकटा साहेब मागत होता. आता त्या मागणाऱ्यांत विद्वानही सामील झाले. तोकडी म्हणावे तर प्रायश्चित्त, पुरती म्हणावे तर वारसा; इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोहोंच्या काठावर जावेद.

दस्तगीर खाली वाकला. डाव्या हाताने त्याने कामरानची बरची मानेशी धरली, निकामी उजवा हात त्यावर टेकवला आणि सगळा भार मागे घेतला. चिखलाने ती सोडताना चोखल्यासारखा आवाज केला.

"अरं, उपटू नको!" धुळाजी मागे सरकला. "हद्दीची बरची कुणी उपटतं का? दस्तगीर, खुळा झालास काय?"

बरची निघाली. तिच्या जागी राहिलेल्या भोकात पाणी चढले, काठोकाठ आले आणि तेथेच थांबले. दस्तगीरने ती खांद्यावर घेतली आणि वस्तीकडे चालू लागला. वाटेत तो आपल्या चंद्रकोरीपाशी थांबला. एकेक करीत त्या तोकड्या बरच्याही त्याने उपटल्या. जुन्या लोखंडाला फार जोर लागला नाही. मागून येणारे सर "अहो, जागा तरी मोजू द्या" असे काकुळतीने म्हणत होते. बांधावर कोणी हलत नव्हते.

जैनबबी थडग्यापासून उठून तळाच्या कडेला आली होती. नवऱ्याच्या खांद्यावरचे ओझे तिने पाहिले. त्यातील निळसर बरची तिने वेगळी काढून आपल्या पदराखाली घेतली.

धुळाजी धापा टाकत वर आला. "भाबी, तुमी तरी सांगा ह्याला. हद्द उपटून आणली ह्यानं. आता सायब घरात येईल, तुमच्याच घरात आधी येईल. सांगा ह्याला, जाऊन परत रोव म्हणावं."

वस्ती तिच्या तोंडाकडे पाहत होती. जैनबबीने धुळाजीकडे पाहिले, मग सरांकडे.

"येऊ द्या सायबाला," ती म्हणाली. "जावेद काहिलीत बसणार न्हाई."